नकाशात नसलेला पूल

पहाटे ५.४०

जिन्याखाली एक कोनाडा आहे. पूर्वी तिथे पाण्याचे हंडे असायचे. आता एक लाकडी फळी आहे. फळीवर वहीएवढा काळा डबा, शेजारी राउटर, खाली यूपीएस. डब्याला पंखा नाही, म्हणून आवाजही नाही. एक हिरवा दिवा तेवढा लुकलुकतो.

दादा पाट ओढून बसतो. माझा मावसभाऊ. वय सत्तेचाळीस. धंदा कॉम्प्युटर दुरुस्तीचा आणि सीसीटीव्ही बसवण्याचा. माझं नाव लिहू नकोस, गल्ली लिहू नकोस, एवढीच त्याची अट. पंचवटी लिहिलंस तर चालेल, म्हणाला.

मांडीवर लॅपटॉप. एक ओळ टाइप करून तो काळ्या डब्यात शिरतो. पडद्यावर डब्याच्या नोंदी येतात. तारीख, वेळ आणि पुढे एक शब्द : हार्टबीट. दर सहा तासांनी डबा आपली नाडी स्वतःच लिहून ठेवतो. आजची नोंद सांगते, सलग ४१ दिवस ६ तास चालू. खालच्या ओळीवर दादा बोट ठेवतो. गेल्या सहा तासांत ३१ वेगवेगळी माणसं इथून पुढे गेली.

"एकतीस," दादा म्हणतो आणि चहा टाकायला उठतो.

ही एकतीस माणसं कोण, ते त्याला माहीत नाही. कळावं अशी रचनाच नाही. नोंदीत जिथे कुणाचा पत्ता यायचा, तिथे तो खोडून टाकल्याची खूण येते. प्रोग्रॅम मुळातच तसा लिहिलेला आहे. दादाने त्यात बदल केलेला नाही.

सकाळी ६.१५

चहा होतो. वहिनी आलं किसता किसता सांगतात, "पहिल्या महिन्यात मीच ते बटण बंद करायचे. झोपताना सगळे स्विच बंद करायची सवय." आता बटणावर पांढरी चिकटपट्टी आहे. त्यावर वहिनींच्याच अक्षरात लिहिलंय : बंद करू नये.

हा डबा म्हणजे टॉरचा ब्रिज. दादा सरळ पूल म्हणतो. टॉर हे जगभरच्या हजारो स्वयंसेवकांच्या यंत्रांचं जाळं आहे. त्या यंत्रांना रिले म्हणतात. तुम्ही मागितलेलं पान तीन रिलेंमधून फिरून येतं. पहिल्याला तुम्ही कोण ते कळतं, पण कुठे चाललात ते कळत नाही. तिसऱ्याला कुठे ते कळतं, पण कोण ते कळत नाही. मधल्याला दोन्ही कळत नाही.

यात एक अडचण आहे. या रिलेंची यादी जाहीर असते. दर तासाला नवी निघते. ती नसेल तर तुमच्या कॉम्प्युटरला रस्ताच सापडणार नाही. पण तीच यादी सरकारही उतरवून घेतं आणि एकेक पत्ता बंद करतं. चीनने २००९ मध्ये हेच केलं.

दादा वाड्याचं उदाहरण देतो. तो जुन्या नाशकात वाढला. "आमच्या वाड्याला दोन दारं. पुढचं एका गल्लीत, मागचं दुसऱ्या. सिंहस्थात पोलिसांनी मोठ्या रस्त्यांवर बॅरिकेड लावले की अर्धी गल्ली आमच्या चौकातून पलीकडे जायची. कारण मोठा रस्ता नकाशात असतो. आमचं मागचं दार नकाशात नव्हतं. ज्याला कुणी सांगितलं त्यालाच माहीत."

पूल तसाच. त्याचा पत्ता जाहीर यादीत नसतो. अडलेला माणूस टॉरच्या पत्त्यावर ईमेल करतो, टेलिग्रामवर विचारतो किंवा टॉर ब्राउझरमध्येच बटण दाबून मागतो. त्याला दोन-तीन पूल मिळतात. सगळे कधीच मिळत नाहीत. दादाचा पूल ईमेलच्या वाट्याला आलाय.

सकाळी ६.५०

आणखी एक फाइल उघडते. चोवीस तासांचा हिशेब. माणसं नाहीत, नुसती देशांची दोन-दोन अक्षरं आणि आकडे. आयआर ४०. आरयू २४. सीएन ८. टीएम ८. इराण, रशिया, चीन, तुर्कमेनिस्तान.

"हे आठ म्हणजे आठ नव्हेत," दादा सांगतो. "एक असला तरी आठ लिहितो, सात असले तरी आठ. नऊ झाले की सोळा."

म्हणजे प्रत्येक आकडा आठाच्या पटीत वर नेलेला. का, ते तो टीएमवर बोट ठेवून दाखवतो. तुर्कमेनिस्तानातून कदाचित एकच माणूस आला असेल. ही फाइल उद्या कुणाच्या हाती पडली तरी तो एकटा उघडा पडू नये. आठांच्या घोळक्यात लपावा.

मी त्या आठाकडे बघत राहतो. अश्गाबातमधलं एखादं घर असेल. तिथून निघालेली एक ओळ पंचवटीतल्या जिन्याखालून पुढे गेली. बीबीसी वाचली असेल, आईला व्हिडिओ कॉल केला असेल, एखाद्या औषधाचं नाव शोधलं असेल. काहीही असेल. दादा लॅपटॉप मिटतो.

पूल २०२२ च्या सप्टेंबरअखेरीचा. १६ सप्टेंबरला तेहरानमध्ये महसा अमिनीचा मृत्यू झाला. लोक रस्त्यावर आले. आठवड्याच्या आत तिथे इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप बंद झालं. रशियाने टॉर अडवायला सुरुवात केली ती त्याच्या आदल्या डिसेंबरात. पूल हवेत, अशी हाक टॉरवाल्यांनी दिली होती. दादाकडे एका पतपेढीने काढून टाकलेला डबा पडून होता. किंमत साडेचार हजार धरली. नवी डिस्क अकराशेची. मांडणीला एक रविवार गेला.

सकाळी ८.१५

अॅक्टिव्हावर आम्ही दोघं. मागे शिडी नाही, ती कारखान्यात मिळणार आहे. माझ्या मांडीवर हत्यारांची बॅग. रात्रभर पाऊस झालाय. गंगापूर धरणातून पाणी सोडलंय, असं वहिनींच्या मोबाइलवर आलं होतं.

नदीकाठी दादा गाडी थांबवतो. सगळेच थांबतात. दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं ते बघायचं. आज गुडघ्यांपर्यंत आहे. कमरेला लागलं की भांडीबाजारातले दुकानदार माल वर चढवायला घेतात. छातीला लागलं तर बोलायलाच नको. धरणाचे आकडे पेपरात येतात, पण नाशिककर मारुती बघूनच ठरवतो.

"माझा हार्टबीट तसाच," दादा गाडी चालू करताना म्हणतो. "रोज तीस-चाळीस. एका रात्री एकदम एकशे वीस झाले. तेव्हाच कळलं, कुठेतरी पाणी सोडलंय. सकाळी बातम्या लावल्या तर खरंच."

आणि उलटंही होतं. मागच्या वर्षी आरयूचा आकडा एका आठवड्यात शून्यावर आला. बाकीचे देश नेहमीसारखे. म्हणजे तिथे पत्ता ओळखला गेला होता. दादाने केबलवाल्याकडून नवा पत्ता घेतला, पोर्टचा आकडा बदलला, पूल पुन्हा नोंदवला. तीन दिवसांनी आरयू ८ दिसलं. मग १६.

होळकर पुलावर गाड्यांची रांग. खाली गढूळ पाणी. मला एक प्रश्न विचारायचाच होता, तो इथे विचारला. वाईट माणसंही तुझ्या पुलावरून जात असतील?

"जात असतील," तो मागे न बघता म्हणाला. "या पुलावरूनही जातात. म्हणून पूल पाडत नाहीत. पलीकडे ज्याची आई आहे, तोही इथूनच जातो ना."

सकाळी ९.३०

दुकान जुन्या नाशकात. दहा बाय बारा. भाडं नऊ हजार. कामावरच्या मुलाला अकरा हजार. शटर वर जातं, उदबत्ती लागते, मुलगा झाडू मारतो. टेबलावर तीन उघडे लॅपटॉप. एकाच्या बिजागऱ्या तुटल्यात, एकावर चहा सांडलाय, एक नुसता हळू चालतो.

इथून तिळभांडेश्वर लेन जवळ आहे. बाबाराव सावरकरांची आठवण सांगणारी गल्ली. कवी गोविंदांच्या कविता पुस्तिकेत छापल्या, म्हणून बाबारावांना ८ जून १९०९ रोजी जन्मठेप काळ्या पाण्याची झाली. कवितांची पुस्तिका. दादाने हे शाळेत ऐकलं. "छोटं चोपडं होतं म्हणे. खिशात मावेल एवढं," तो स्क्रू काढता काढता म्हणतो. स्क्रू चुंबकाच्या बशीत टाकतो. एकही हरवता कामा नये.

काउंटरवरच्या कॉम्प्युटरला ब्राउझरच्या कोपऱ्यात एक जांभळी चांदणी आहे. हे स्नोफ्लेक. टॉर ब्राउझरमध्ये ते २०२१ च्या जुलैत सगळ्यांसाठी आलं. याला कायमचा पत्ता लागत नाही, वेगळं यंत्रही लागत नाही. ब्राउझर उघडा ठेवला की झालं. अडलेल्या माणसाची वाट थोडा वेळ इथून जाते, मग दुसऱ्या कुणाच्या ब्राउझरमधून. हिमाच्या कणासारखी, धरायला जाईपर्यंत विरघळलेली. चांदणीवर टिचकी मारली की चोवीस तासांतला आकडा दिसतो. आज ९.

"पूल जमत नसेल त्याने हे करावं," दादा सांगतो. घरच्या पुलाला जगाला दिसणारा स्वतःचा पत्ता लागतो. आपल्याकडे बऱ्याच घरगुती लाइनींवर शेकडो घरांना मिळून एकच पत्ता देतात. स्वतंत्र पत्त्याचे पैसे वेगळे. दादा महिन्याला दोनशे भरतो. लाइनचे ८२५, जीएसटी धरून. डबा, राउटर आणि यूपीएस मिळून महिन्याला पंधराएक युनिट वीज खातात. त्याचे दीडशे धरतो. लाइन तर घरात असतीच. म्हणजे पुलाचा खरा खर्च साडेतीनशे.

"महिन्यातून एक कॅमेरा जास्त लावायचा," तो म्हणतो. हिशेब संपतो.

सकाळी ११.४०

अंबडची एमआयडीसी. पत्र्याच्या शेडखाली दोन लेथ, एक ड्रिल प्रेस, तेलाचा वास. मालकाला चार कॅमेरे हवेत. एका कॅमेऱ्याची मजुरी साडेचारशे. वायर मीटरवर, सामान मालकाचं.

दादा शिडीवर, मी खाली शिडी धरून. हॅमर ड्रिल भिंतीत शिरतो, विटांचा लाल भुगा माझ्या डोक्यावर पडतो. फिशर ठोकला, स्क्रू पिळला, ब्रॅकेट बसला. मग वायर. पत्र्याला लागून नेली तर उन्हाळ्यात तिचं आवरण कडक होतं, म्हणून पाइपातून. वाकणात वायर अडकते. साबणाचा हात लावून ओढतो.

शेवटी टोकं. निळं आवरण सोलून आठ बारीक तारा मोकळ्या करायच्या, पीळ उकलायचे, अंगठ्याने सरळ करायच्या. पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. हा क्रम दादा ओठ न हलवता मोजतो. एका रेषेत कापून कनेक्टरमध्ये सारायच्या आणि क्रिंपरने दाबायच्या. कट्. कनेक्टर सहा रुपयांचा. फुकट गेला तर मालकाच्या नाही, आपल्या खिशातून.

मालकाला तो दोन गोष्टी सांगतो. बायकांच्या डबा खायच्या जागेवर कॅमेरा नको. आणि गेटवर पाटी लावा, इथे कॅमेरे आहेत म्हणून. मालक मान डोलावतो.

शिडीवरून उतरून तो मोबाइल बघतो. नवा हार्टबीट. ४१ दिवस १२ तास. माणसं ३८.

दुपारी १.३०

शेडच्या दारात डबा उघडतो. मेथीची भाजी, पोळ्या, शेंगदाण्याची चटणी. पाऊस थांबलाय.

इंटरनेट बंद होतं म्हणजे काय, हे दादाला नाशकातच कळलं. ऑक्टोबर २०१६. त्र्यंबकेश्वरजवळच्या तळेगावात घडलेल्या एका घटनेनंतर जिल्हा तापला होता. मोबाइल इंटरनेट काही दिवस बंद ठेवलं. "जो येईल तो काउंटरवर फोन आपटायचा. दादा, नेट का येईना? दुरुस्त कर. आता हे मी कसं दुरुस्त करणार?"

तो हात धुतो. "आणि तिथे पूलही चालला नसता, हे लिही. नळच बंद केला तर पूल काय करणार? नळ चालू आहे, पण अमुक घरी जायचं नाही असं सांगितलंय, तिथे पूल लागतो."

दोन्ही प्रकार आपल्याकडे होतात. काश्मीरमध्ये ५ ऑगस्ट २०१९ ला नळच बंद झाला. फोरजी परत यायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. आणि एखादं संकेतस्थळ अडवायचं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९अ आहे. त्याच्या २००९ च्या नियमांत ही कारवाई गुप्त ठेवायची तरतूद आहे. त्यामुळे काय काय अडवलं, याची पूर्ण यादी लोकांसमोर येत नाही. दादाकडे गिऱ्हाइकं येतात, पान उघडत नाही म्हणतात. तो केबल तपासतो, राउटर बंद-चालू करतो. कधी कधी दोष कुठेच सापडत नाही.

भीती वाटत नाही का, मी विचारतो. तो विचार करून बोलतो. टॉर वापरायला किंवा पूल चालवायला आपल्याकडे बंदी नाही. शेवटचा रिले चालवणाऱ्याचं काम जोखमीचं, कारण संकेतस्थळाला त्याचाच पत्ता दिसतो आणि तक्रार आली की त्याच्याच दारात येते. ते दादा घरातून करत नाही. पूल पहिली पायरी. तिथून जे जातं ते कुलूपबंद. काय आहे ते त्यालाही दिसत नाही.

दुपारी २.४०

तिसरा कॅमेरा. वहिनींचा फोन. "लाल दिवा लागलाय."

दादाने नुसतं "हं" म्हटलं. दुकानातल्या कॉम्प्युटरनेही कळवलं होतं. तो दर पाच मिनिटांनी घरच्या पत्त्याला हाक मारून बघतो. २.३५ ला ओ आली नाही. दादाने चौथा कॅमेरा पूर्ण केला, चारही चित्रं मालकाच्या मोबाइलवर दाखवली, अठराशे घेतले आणि मग निघाला. निघेपर्यंत त्याने दोनदा घड्याळ बघितलं.

दुपारी ३.३५

घराच्या मागच्या रस्त्यावर गुलमोहराची मोठी फांदी पडलीय. पावसाने जड झाली होती. खाली येताना केबल घेऊन आली. वीज आहे, त्यामुळे डबा चालूच आहे. फक्त बाहेरचा रस्ता तुटलाय.

केबलवाल्याचा मुलगा आधीच आलाय. वय बावीस-तेवीस. पगार चौदा हजार, पेट्रोलचे वेगळे. त्याच्या सॅकमध्ये पिवळं स्प्लायसिंग मशीन आहे. लाखाच्या आसपास किंमत, म्हणून ते तो पोटाशी धरून बसतो. बारीक सर येते. दादा त्याच्या डोक्यावर छत्री धरतो. तो म्हणतो, माझ्यावर नको, मशीनवर धरा.

मी उकिडवा बसून बघतो. वरचं काळं आवरण चाकूने सोललं. आत नळी, नळीत रंगीत दोरे. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी. एकेक दोरा म्हणजे काच. स्ट्रिपरने रंग उतरवला की आतली काच उघडी पडते, एक मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढी. प्रकाश वाहतो तो गाभा त्याहून कितीतरी बारीक. स्पिरिटचा कागद दोन बोटांत धरून त्याने काच पुसली. पुसताना ती कुईं असा आवाज करते. आवाज आला म्हणजे स्वच्छ झाली. मग क्लीव्हरमध्ये ठेवून टोक कापलं. कापलेला तुकडा तो चिकटपट्टीवर चिकटवतो. पायात गेला तर सापडत नाही.

दोन टोकं मशीनमध्ये समोरासमोर. झाकण बंद. छोट्या पडद्यावर ती खांबांएवढी दिसतात. खांब आपोआप सरकत एका रेषेत येतात. एक ठिणगी. दोनाची एक काच झाली. पडद्यावर आकडा : ०.०२. "मस्त," मुलगा म्हणतो. जोडावर आधीच सरकवून ठेवलेली नळी तापवून घट्ट करतो.

असे चार जोड. मधे एकदा ०.३१ आलं. त्याने काही न बोलता ते तोडलं आणि पुन्हा सोलायला घेतलं. बोटं पावसाने सुरकुतली होती. ४.४२ ला वहिनी गॅलरीतून ओरडल्या, "हिरवा झाला!"

वहिनींनी त्याला चहा आणि बिस्किटं दिली. त्याच्या फोनवर अजून पाच तक्रारी वाट बघत होत्या. आपण जोडलेल्या काचेतून काय जातं, हे त्याला ठाऊक नाही. त्याच्यासाठी या लाइनवर अठरा घरं आहेत.

संध्याकाळी ५.४०

हार्टबीट. ४१ दिवस १८ तास. माणसं २२.

"बावीस आहेत तरी," मी म्हणतो.

"ते बहुतेक आधीचे. अडीचच्या आधी येऊन गेलेले." दादा उभ्याउभ्याच बघतो. पूल बंद पडला की पलीकडचा माणूस पाच मिनिटं वाट बघतो, दुसरा पत्ता वापरून बघतो. त्याच्याकडे दोन-तीनच असतात. दुसरा आधीच अडवलेला असला, तर तो नुसताच बसून राहतो. हे तो आवाज न चढवता सांगतो, वायरचं वेटोळं खांद्याला अडकवता अडकवता.

संध्याकाळी ६.४५

दुकानात मास्तर आलेत. पंच्याहत्तरी ओलांडलेले, इतिहास शिकवायचे. मोबाइलमध्ये जागा नाही म्हणून फोटो निघत नाहीत. कामावरचा मुलगा शुभ सकाळचे नऊशे संदेश पुसतो.

मास्तरांना पूल माहीत आहे. दादाने सांगितलेल्या मोजक्या माणसांत ते आहेत. आणीबाणीत ते चोवीस-पंचवीस वर्षांचे. मित्र नाशिक रोडच्या तुरुंगात. बाहेर राहिलेले रात्री सायक्लोस्टाइलवर पत्रकं काढायचे. मास्तर उजव्या हाताने हवेत हँडल फिरवून दाखवतात. स्टेन्सिल फाटली की शाई कोपरापर्यंत यायची. चार दिवस जायची नाही, म्हणून लांब बाह्यांचे सदरे.

"मला दोनच घरं माहीत होती," मास्तर सांगतात. "कुठून आणायचं ते एक आणि कुठे द्यायचं ते एक. त्यापुढचं कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला धरलं असतं तर दोनच घरं गेली असती."

दादा हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवतो. "ईमेल केला की दोन-तीनच पूल देतात, ते याच्यासाठीच. पोलीसही ईमेल करू शकतात ना."

आणि पत्ता मिळाल्यावरही दार नुसतं ठोठावून उघडत नाही. चीनमध्ये संशय आला की सरकारी यंत्र स्वतःच त्या पत्त्यावर जाऊन बघतं, इथे पूल आहे का म्हणून. दादाच्या पुलाला ऑब्स्फोरचं आवरण आहे. पत्त्यासोबत एक लांबलचक किल्ली दिलेली असते. ती दाखवली नाही तर आतून ओ येत नाही. आणि वाटेत कुणी डोकावून बघितलं, तर जे वाहतं ते टॉरसारखं दिसत नाही. कशासारखंच दिसत नाही. नुसती अक्षरांची भुकटी.

मास्तरांना उषा मेहता आठवतात. १९४२ चा ऑगस्ट, मुंबई, वय बावीस. त्यांचा गुप्त काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरवर लागायचा. पत्ता कुणालाच सांगत नसत. यंत्र एका घरातून दुसऱ्या घरात हलवत राहायचे. १२ नोव्हेंबरला पकडले गेले. "तीन महिनेही नाही चालला," मास्तर म्हणतात. "पण तेवढे दिवस लोकांना खरी बातमी ऐकायला मिळाली."

मोबाइल मोकळा झाला. दादा पैसे घेत नाही. मास्तर पन्नासची नोट बिलबुकाखाली सरकवून जातात.

रात्री ९.३०

जेवण. गरम भाकरी, पिठलं, ठेचा. अठराशेतून मुलाच्या क्लासची फी बाजूला निघते. यूपीएसची बॅटरी दुपारी हाताला गरम लागली होती. तीन वर्षं झालीत. नवी साधारण नऊशेची. पुढच्या महिन्यात घेऊ, दादा म्हणतो. वहिनी म्हणतात, या महिन्यातच घ्या, अजून पाऊस जायचाय. आणि स्वयंपाकघरातल्या डब्यातून पाचशेच्या दोन नोटा काढून फळीवर राउटरखाली ठेवतात.

दादा फडक्याने डबा पुसतो. मागच्या जाळीतली धूळ जुन्या टूथब्रशने काढतो. एक मुंगी राउटरच्या फटीत शिरताना दिसते. पावसाळ्यात मुंग्यांना राउटरची ऊब आवडते. तो फळीच्या चारी बाजूंना हळदीची रेघ ओढतो. त्याच्या आजीची पद्धत.

रात्री ११.४०

घर झोपलंय. पाटावर आम्ही दोघं. हार्टबीट येतो. ४२ दिवस ० तास. माणसं ४४.

मला वाटलं, दादा आता हसेल. तो कोनाड्याच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेली डायरी काढतो. डायरी एका पतसंस्थेची, जुन्या सालाची. रोज एक ओळ. तारीख, चार आकडे आणि शेवटी एक रकाना : बंद.

३१, ३८, २२, ४४. मग शेवटच्या रकान्यात : २ तास ७ मिनिटं.

ही डायरी कुणी मागत नाही. कुणी तपासायला येत नाही. ज्यांची दोन तास सात मिनिटं गेली ते कधी तक्रार करणार नाहीत. त्यांना हा जिना माहीत नाही आणि दादाला त्यांचं दार माहीत नाही. मी मागची पानं चाळली. बहुतेक दिवशी त्या रकान्यात शून्य आहे. एका पानावर ११ तास आहेत, खाली बारीक अक्षरात ‘ट्रान्सफॉर्मर’. एका पानावर ४ मिनिटं. चार मिनिटंही लिहिलीत.

दादाने पेनाला टोपण लावलं, डायरी खिळ्याला टांगली. चिकटपट्टीवरून एकदा अंगठा फिरवला, नीट चिकटलीय ना ते बघितलं. मग दिवा मालवला. कोनाड्यातला हिरवा तेवढा राहिला.